न मोजलेलं ऊन

देशात वर्षभरात किती कोळसा जळला, बाहेरून किती तेल आलं, वीज किती तयार झाली, ती कुणी वापरली आणि या सगळ्यापायी किती धूर आभाळात गेला, हे एका लांबरुंद कोष्टकात मांडायचं काम सांख्यिकी कार्यालयाच्या चौथ्या मजल्यावर चालायचं. त्या कोष्टकाला ऊर्जा ताळेबंद म्हणत, आणि तो मांडणाऱ्या बाईंना सगळं कार्यालय ताळेबाई म्हणे. हिशेब ताळ्यावर आणते म्हणून ताळेबाई, असं त्या स्वतः सांगायच्या. माणसंही ताळ्यावर आणतात म्हणून, असं बाकीचे त्यांच्या माघारी सांगायचे.

पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, आणि हसल्या की शेजारच्या लोकसंख्या विभागातल्या माना वर व्हाव्यात अशा हसणाऱ्या. हाताखाली माणूस एकच. त्याला कुठलीही गोष्ट पटवून दिली की तो आधी मान हलवायचा आणि मग "तरीपण" म्हणून नवीन शंका काढायचा, त्यामुळे त्याचं नावच तरीपण पडलं होतं. ताळेबाईंना तो फार आवडायचा. आकड्यांच्या धंद्यात होला हो करणारा माणूस काय कामाचा?

नवीन माणसाला ताळेबंद समजावताना त्या दुधाचं उदाहरण द्यायच्या. घरात दूध आलं, तर ते कुणीतरी प्यायलं असणार, उतू गेलं असणार, नाहीतर मांजराने तोंड घातलं असणार. हवेत काही जात नाही. आलेलं आणि गेलेलं जुळलंच पाहिजे. जे जुळत नाही ते शेवटच्या ओळीत तफावत म्हणून लिहायचं आणि मांजर शोधायला निघायचं.

यंदाचं कोडं मात्र उलटं होतं. घरात दूध कमी आलं होतं आणि प्यायलेलं तर जास्त होतं.

वीज महामंडळाची विक्री सलग तिसऱ्या वर्षी घटली होती. वर्तमानपत्रांनी देश थकला, उद्योग बसले, असा गळा काढला होता. पण उद्योग बसलेले नव्हते. सिमेंट जास्त निघालं होतं, कापड जास्त विणलं गेलं होतं, शीतगृहांत जास्त माल होता. मग ही यंत्रं चालली कशावर? तज्ज्ञांच्या एका समितीने दोन वर्षांपूर्वीच उत्तर देऊन टाकलं होतं: सीमेपलीकडून चोरटं डिझेल येतं, लोक त्यावर जनरेटर चालवतात. समितीच्या सांगण्यावरून ताळेबंदात "बेनोंद डिझेल, अंदाजित" अशी ओळ घुसली, आणि तफावत जेवढी वाढेल तेवढी ती ओळ फुगत गेली. डिझेल आलं म्हणजे त्याचा धूर आला. तो धूर देशाच्या उत्सर्जनाच्या खात्यात चढत गेला, आणि जगासमोर धूर कमी करायचं वचन देऊन बसलेला देश दरवर्षी मान खाली घालू लागला.

त्यावर महामंडळाने आपली पोळी भाजून घ्यायची ठरवली होती. लोक डिझेलकडे वळतात कारण आमची वीज पुरत नाही, तेव्हा सरोवराच्या काठी कोळशावरचं नवीन केंद्र बांधू द्या, असा त्यांचा प्रस्ताव होता. केंद्र एवढं मोठं की देशातली जुनी तिन्ही केंद्रं त्यात मावली असती. मंत्र्यांची समिती निर्णय घ्यायला बसणार होती आणि तिच्यापुढे आधार म्हणून ठेवला जाणार होता तो ताळेबाईंचा ताळेबंद.

संचालकांनी बाईंना बोलावून घेतलं. गृहस्थ सज्जन, पण दुधाने तोंड पोळलेले. फार पूर्वी त्यांनी महागाईचा एक आकडा सुधारला होता आणि त्याबद्दल त्यांना असं काही झापलं गेलं होतं की तेव्हापासून ते ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पीत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की यंदाही तफावत डिझेलच्या ओळीत टाकावी आणि मोकळं व्हावं.

ताळेबाईंनी नकार दिला नाही, थोडा वेळ मागितला. त्यांचं म्हणणं असं, की एवढं डिझेल जळत असेल तर ते नाकाला कळायला हवं. जनरेटर दुरुस्त करणाऱ्यांची चांदी व्हायला हवी. प्रत्यक्षात जनरेटरची आयात निम्म्यावर आली आहे आणि दुरुस्तीवाले दुकानं बंद करून दुसरं काहीतरी विकायला लागले आहेत.

"दुसरं म्हणजे काय?" संचालकांनी विचारलं.

"ते अजून माहीत नाही, सर. म्हणूनच वेळ मागतेय."

बाईंच्या घरी त्या वेळी दोघंच होती. नवरा मालवाहू जहाजावर अभियंता, त्यामुळे तो कायम कुठल्या तरी समुद्रात. मुलगी परगावी शिकायला. राहिले सासरे. त्यांचं सगळं आयुष्य कोळशाच्या वीजकेंद्रात, बॉयलरपाशी गेलं होतं. एका कानाने कमी ऐकू यायचं आणि कपाळ अजूनही तांबूस दिसायचं. देशाच्या प्रत्येक दिव्यात आपला थोडा घाम आहे असं ते मानायचे, आणि ते खोटंही नव्हतं. सुनेवर त्यांचा जीव होता, पण तिचं काम त्यांना कधी काम वाटलं नाही. आम्ही वीज करायची आणि हिने ती मोजायची. म्हणजे स्वयंपाक एकीचा आणि ढेकर मोजायला दुसरी, असं ते म्हणायचे. नवीन केंद्राच्या बातमीने ते हरखून गेले होते.

नणंद शहराच्या दुसऱ्या टोकाला कपडे धुण्याचा कारखाना चालवायची. रुग्णालयांच्या चादरी, उपाहारगृहांची टेबलक्लॉथं, शाळांचे पडदे. मोठमोठी यंत्रं, वाफेच्या इस्त्र्या आणि सतत ओलसर साबणाचा वास. एका सुट्टीच्या दिवशी ताळेबाई सासऱ्यांना घेऊन तिच्याकडे गेल्या. तिथे मागे एकच वाळवणयंत्र होतं, आता तीन घरघरत होती. बाईंनी सहज विचारलं, की विजेचं बिल परवडतं का?

"बिल?" नणंद हसली. "वहिनी, बिल मागच्यापेक्षा कमी येतं. वर चल, दाखवते."

त्या लोखंडी जिन्याने गच्चीवर गेल्या. पूर्वी जिथे दोऱ्यांवर चादरी फडफडायच्या तिथे काळ्या-निळ्या काचेची तावदानं उन्हाकडे तोंड करून तिरकी मांडलेली होती, आणि त्यांच्या सावलीत दोन बायका बसून घड्या घालत होत्या. नणंदेने कौतुकाने सगळं सांगितलं. कोपऱ्यावरच्या जनरेटरवाल्याने धंदा बदलला, आता तो हीच तावदानं विकतो. ती त्यानेच बसवून दिली. महामंडळाची परवानगी? अर्ज केला होता, सहा खिडक्या फिरून आली, सातवीवर सांगितलं पहिलीवर जा. मग अर्जाला हात जोडले. दिवसभर यंत्रं उन्हावर चालतात, ऊन उतरलं की महामंडळाची वीज.

"आणि ही काही माझी एकटीची हुशारी नाही," ती म्हणाली. "जरा पलीकडे बघ."

ताळेबाईंनी चष्मा सारखा केला आणि पलीकडे पाहिलं. सुतारकामाच्या कारखान्यावर तावदानं होती. बेकरीवर होती. गाड्या रंगवणाऱ्याच्या पत्र्यावर, शाळेच्या छपरावर, राहत्या इमारतींच्या गच्च्यांवर, पाण्याच्या टाक्यांच्या मधोमध, जिथवर नजर जाईल तिथवर ती होती. रस्त्यावरून चालताना यातलं एकही दिसत नव्हतं. त्या रोज याच शहरातून कामावर जात होत्या, आणि त्यांच्या डोक्यावर लोकांनी एक आख्खं वीजकेंद्र उभं केलं होतं. ते कुठल्याच कोष्टकात नव्हतं.

त्या इतक्या मोठ्याने हसल्या की खालून सासऱ्यांनी काय झालं म्हणून हाक मारली.

"काही नाही, बाबा," त्या वाकून ओरडल्या. "मांजर सापडलं!"

हसू ओसरल्यावर कामाला सुरुवात झाली, आणि काम सोपं नव्हतं. गच्चीवर दिसलं म्हणून ताळेबंदात लिहिता येत नाही. तरीपणने लगेच शंका काढली, की ही एकट्या त्या वस्तीची तऱ्हा असेल तर? दोघांनी जकात खात्याकडून आयातीचे आकडे मागवले. तावदानं तिथे "काचसामान व इतर" या सदरात वजनावर नोंदली जात होती. तो ढीग पाहून तरीपणने बेरीज दोनदा करून पाहिली.

"तरीपण," तो शेवटी म्हणाला, "देशात आली म्हणजे छतावर चढली असं नाही. गोदामात पडून असतील."

"बरोबर," ताळेबाई म्हणाल्या. "म्हणजे छतं मोजायला हवीत."

त्यासाठी माणसं हवीत. संचालकांकडे जादा माणूस एकही नव्हता. पण तिसऱ्या मजल्यावर बाजारभाव विभाग होता. त्याचे तपासनीस दर आठवड्याला देशभरच्या बाजारांत फिरून तेल, साबण, कपडे, औषधं यांचे भाव टिपत. त्या विभागाची प्रमुख ही ताळेबाईंची जुनी मैत्रीण, तोंडाने फटकळ आणि मनाने उदार. तपासनिसांनी बाजारात गेल्यावर चिठ्ठीने निवडलेल्या काही इमारतींच्या गच्चीवर जायचं, तावदानं मोजायची, लांबी-रुंदी घ्यायची आणि परत यायचं, एवढीच बाईंची मागणी होती. मैत्रिणीने आधी भरपूर ऐकवलं. तिची माणसं म्हणजे वाटेवरची धर्मशाळा नाही, आणि त्यातली निम्मी गुडघ्यांनी बेजार आहेत. मग तिने विचारलं, कधीपासून सुरू करायचं?

पहिल्या आठवड्यात सगळं फसलं. लोकांनी दारंच उघडली नाहीत. सरकारी माणूस गच्चीवर कशाला येतो हे न कळायला लोक दुधखुळे नव्हते. विनापरवाना तावदानांना महामंडळाचा दंड होता. "आमच्याकडे काही नाही" असं सांगताना एका दुकानदाराच्या डोक्यावर ती ढळढळीत चकाकत होती.

तेव्हा ताळेबाईंनी सांख्यिकीचा कायदा काढला. त्यात एक कलम होतं: मोजणीसाठी माणसाने दिलेली माहिती दुसऱ्या कुणालाही, अगदी सरकारच्याच दुसऱ्या खात्यालाही द्यायची नाही, देईल त्या अधिकाऱ्याला तुरुंग. हे कलम मोठ्या अक्षरांत छापून, खाली स्वतःची सही करून, त्यांनी प्रत्येक तपासनिसाच्या हातात दिलं. दारात उभं राहून आधी हे वाचून दाखवायचं, मग गच्चीचं बोलायचं. बाई स्वतःही फिरल्या. त्यांच्यासोबत, घरी बसून कंटाळा येतो या सबबीखाली, सासरेही फिरले. त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे लोकांना उगाच धीर यायचा. या म्हाताऱ्याला सांगितलेलं बाहेर जाणार नाही असं वाटायचं.

दारं उघडायला लागली. एकदा उघडल्यावर लोक स्वतःच हात धरून वर न्यायला लागले, कारण ज्याने स्वतः वीज केली आहे त्याला ती कुणाला तरी दाखवायची असतेच. एका शिंपीणबाईने सासऱ्यांना तासभर बसवून आपली बारा तावदानं कशी एकेक करून घेतली ते सांगितलं. मग दोघं बसने घरी निघाली. वाटेत सासरे एकदम म्हणाले, की तिच्या बॉयलरला राख नाही.

एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत राहिले. ताळेबाईंना त्यांचा आवाज ओळखीचा वाटला नाही. तो दुखावलेलाही होता आणि चकितही. त्यांनी विचारलं, की बाबा, वाईट वाटतंय का?

"वाटतंय," ते म्हणाले. "पण खोटं मोजू नको. माझ्यासाठी तर नकोच नको."

आकडे जमले. देशभरच्या छतांवर मिळून मोठ्या वीजकेंद्राएवढी ताकद बसली होती, आणि त्यातला जेमतेम दहावा हिस्सा महामंडळाच्या दप्तरी होता. चोरट्या डिझेलची ओळ जवळजवळ पुसली जात होती. ताळेबाईंनी हे मंत्र्यांच्या समितीपुढे मांडलं. खोली लांबट होती, टेबल त्याहून लांब. महामंडळाचे मुख्य अभियंते उंच, रुबाबदार, आणि त्यांना कुणी अडवायची सवय नव्हती. त्यांनी हे निष्कर्ष म्हणजे गच्च्यांवरच्या सहली आहेत असं म्हटलं. मग आवाज गोड करून पुढचं म्हणाले. एवढी तावदानं खरंच असतील तर कार्यालयाने पत्त्यांची यादी द्यावी, महामंडळ जाऊन खात्री करून घेईल.

"पत्ते मिळणार नाहीत," ताळेबाई म्हणाल्या.

"देशाच्या कामासाठीही नाही?"

"ती माणसं कायद्यावर विश्वास ठेवून मला गच्चीवर घेऊन गेली. आज पत्ते दिले तर उद्या या देशात एक माणूस खरं उत्तर देणार नाही. मग माझ्या कोष्टकाची रद्दीच झाली."

अभियंत्यांनी संचालकांकडे पाहिलं. बाई तुमच्या हाताखालच्या आहेत, तुम्ही सांगा, असा त्या नजरेचा अर्थ होता. संचालकांनी समोरचा कागद सरळ केला. पाणीही फुंकून पिणारा तो माणूस. ताळेबाईंना वाटलं, आता झालं. संचालक उठून उभे राहिले. त्यांना उठायची काही गरज नव्हती.

"पत्ते मागायचे तर ते माझ्याकडे मागावे लागतील," ते म्हणाले, "आणि मीही देणार नाही."

ताळेबाईंनी त्या दिवसापर्यंत त्या गृहस्थांना मनातल्या मनात बरीच विशेषणं दिली होती. ती त्यांनी तिथल्या तिथे परत घेतली.

मुख्य अभियंते हसले. म्हणाले, मग पुरावा काय? छतावरच्या विजेला मीटर नाही, पत्ते द्यायचे नाहीत, मग आम्ही मानायचं कसं? "सूर्य काय बंद करून दाखवणार आहात?"

टेबलाभोवती हशा पिकला. ताळेबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांना त्याच दिवशी सकाळी मंजूर केलेला तरीपणचा रजेचा अर्ज आठवला. कारणाच्या जागी त्याने लिहिलं होतं: सूर्यग्रहण पाहणे.

"मी नाही," त्या म्हणाल्या. "पण पुढच्या महिन्यात चंद्र बंद करून दाखवेल."

मग त्यांनी सावकाश समजावलं. भरदुपारी सूर्य बराचसा झाकला जाणार आहे. छतांवर तावदानं नसतील तर महामंडळाला काही कळायचंही कारण नाही. पण असतील, तर ऊन मंदावेल तशी ती वीज आटत जाईल आणि तीच यंत्रं, तेच पंखे महामंडळाच्या तारांवर येतील. मागणी डोंगरासारखी चढेल आणि ग्रहण सुटताना तशीच उतरेल. किती चढेल ते त्या आधी लिहून द्यायला तयार होत्या: सतराशे मेगावॉट, शे-दोनशे इकडेतिकडे. आकडा बरोबर आला तर तावदानं मान्य करायची. चुकला तर डिझेलची ओळ त्या स्वतः पूर्ववत करतील.

अध्यक्षस्थानी बसलेले मंत्री आतापर्यंत कागदांवर फुलं काढत होते. त्यांनी पेन ठेवलं आणि म्हणाले की हे ठीक आहे.

बाहेर पडताना एक सडपातळ माणूस ताळेबाईंच्या मागोमाग जिन्यापर्यंत आला. तो महामंडळाचा भार नियंत्रक होता. देशाला त्या क्षणी किती वीज लागते ते पाहून कुठलं केंद्र चालवायचं आणि कुठलं थांबवायचं, हे ठरवणारा. त्याने हळूच विचारलं, आकडा नक्की आहे ना? कारण नक्की असेल आणि आपण बेसावध राहिलो, तर अर्ध्या देशातले दिवे जातील, रुग्णालयांसकट. गेली दोन वर्षं दर दुपारी मागणी कुठे गायब होते ते त्याला कळत नव्हतं, आणि वरचे म्हणत होते की तुझी यंत्रणाच जुनी आहे.

"नक्की म्हणजे, मी माझी नोकरी लावलीय त्यावर," ताळेबाई म्हणाल्या.

"मग मी धरणांवर फोन करतो," तो म्हणाला. "पाण्यावर वीज करणारी यंत्रं तयार ठेवायला सांगतो. त्याला कुणाची परवानगी लागत नाही."

ग्रहणाच्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. ढग आले असते तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं. ताळेबाई पहाटेपासून तीनदा खिडकीशी जाऊन आल्या होत्या. भार नियंत्रण कक्ष एखाद्या नाट्यगृहासारखा होता, खाली उतरत जाणाऱ्या रांगा आणि समोर भिंतभर पडदा. पडद्यावर देशाच्या मागणीची हिरवी रेघ सरकत होती. मंत्री आले होते, मुख्य अभियंते आले होते, संचालक कोपऱ्यात उभे होते. तरीपणने रजा रद्द केली होती आणि ग्रहण पाहायचा काळा चष्मा खिशात घेऊन तो त्या बंद कक्षातच बसला होता.

सुरुवातीला काहीच झालं नाही. रेघ सपाट. मुख्य अभियंत्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. ताळेबाईंच्या मनात आलं, चिठ्ठीने निवडलेल्या इमारती सगळ्या उन्हाच्या बाजूच्याच निघाल्या असतील तर? लोकांनी धुळीने माखलेली तावदानं पुसलीच नसतील तर? आयुष्यभर दुसऱ्यांच्या आकड्यांवर शंका घेतलेल्या त्या बाईला स्वतःच्या आकड्याची पहिल्यांदाच भीती वाटली.

मग रेघेने नाक वर केलं.

आधी इतकं थोडं की तरीपण म्हणाला, हा योगायोगही असेल. मग मूळ मागणीच्या वर ती चढायला लागली. दोनशे. पाचशे. बाहेर उजेड पिवळट होत चालला असणार, पाखरं गोंधळली असणार. आत कुणाला त्याची फिकीर नव्हती, सगळे त्या रेघेकडे बघत होते. नऊशेवर मुख्य अभियंते खुर्चीच्या कडेला आले. बाराशेवर भार नियंत्रकाने शांतपणे फोन उचलला आणि पहिल्या धरणाला पाणी सोडायला सांगितलं. मग दुसऱ्याला. त्याचा आवाज चहा मागवल्यासारखा होता. तिसऱ्या धरणाचं यंत्र सुरू झालं आणि पडद्याच्या कोपऱ्यातला तांबडा दिवा लुकलुकून परत हिरवा झाला. देशात कुठेही एक दिवा विझला नाही.

रेघ सोळाशे चाळीसवर जाऊन थांबली. जणू शिखरावर उभं राहून तिने जरा दम खाल्ला, आणि मग चंद्र सरकला तशी ती आल्या वाटेने, त्याच उताराने, खाली यायला लागली.

सर्वांत आधी भार नियंत्रकाने खुर्ची मागे सरकवली, उठला आणि टाळ्या वाजवायला लागला. मग खालच्या रांगांतली त्याची माणसं उठली. ज्यांना दोन वर्षं तुमची यंत्रणा जुनी म्हणून ऐकून घ्यावं लागलं होतं, ती सगळी उभी राहून टाळ्या वाजवत होती. मंत्रीही उठले, आणि मंत्री उठले म्हणून बाकीचे. मुख्य अभियंते पडद्याकडे बघत बसून राहिले. शेवटी ते उठून ताळेबाईंपाशी आले. माणूस गर्विष्ठ होता, पण अभियंता होता; समोरची रेघ त्याला नाकारता येत नव्हती.

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही," ते म्हणाले. "आम्ही इतकी वर्षं कोंबडंच झाकत होतो." आणि त्यांनी हात पुढे केला.

ताळेबाईंनी तो दोन्ही हातांत घेतला. त्यांना हसायचं होतं, पण डोळेच भरून आले. तरीपण शेजारी उभा होता. "तरीपण काय?" त्यांनी त्याला विचारलं. त्याने बराच विचार केला आणि मान हलवली. त्याला काहीच सुचलं नाही.

तेवढ्यात फोनवर नणंद होती. तिच्या कारखान्यात अंधारून आलं तसं तावदानांनी मान टाकली, यंत्रं महामंडळाच्या विजेवर गेली आणि एकही चादर अर्धवट राहिली नाही, हे सांगताना ती धापा टाकत होती. सासरे तिच्याकडेच होते. वाळवणयंत्रापाशी उभे राहून ते मीटरकडे बघत होते. त्यांना फोन हवा होता.

"सूनबाई," ते म्हणाले, "मीटरचं चाक असं धावलं, आणि दिवा जरासुद्धा मंदावला नाही! पाणी सोडलं कुणी? ज्याने सोडलं त्याची वेळ अचूक होती."

बाईंनी बाबांचा निरोप भार नियंत्रकाला तिथल्या तिथे सांगितला. त्याला तो टाळ्यांपेक्षाही जास्त आवडलेला दिसला.

त्या वर्षीचा ऊर्जा ताळेबंद उशिरा निघाला, पण निघाला तो ताठ मानेने. त्यात "छतावरील सौर वीज" अशी नवी ओळ होती, आणि बेनोंद डिझेलच्या ओळीत उरलासुरला चिमूटभर आकडा. मागची दोन वर्षंही दुरुस्त झाली. कधी जळलंच नव्हतं त्या डिझेलचा धूर खात्यातून उतरवला, तेव्हा कळलं की देशाने जगाला दिलेलं वचन मुदतीच्या आधीच पुरं झालं होतं. पूर्ण करणाऱ्यांत शिंपीण होती, बेकरीवाला होता, रंगारी होता. त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं.

पत्रकारांसमोर आकडा वाचायचा मान संचालकांनी ताळेबाईंना दिला. त्यांनी तो एकदा वाचला, मागच्या रांगेतून पुन्हा वाचा अशी मागणी आली म्हणून परत वाचला. बाजारभाव विभागाचे तपासनीस झाडून सगळे आले होते आणि प्रत्येक जण शेजारच्याला ही माझी छतं असं सांगत होता.

सरोवराकाठचं केंद्र बासनात गेलं. विनापरवाना तावदानांचा दंड माफ झाला आणि सात खिडक्यांच्या जागी एक कागद आला. महामंडळानेच ताळेबाईंकडे मागणी केली की छतांची मोजणी दरवर्षी व्हावी, खर्च आम्ही देतो, पत्ते नकोत. विभागाला नवीन माणसं मिळाली. त्यांच्या पहिल्याच दिवशी तरीपण फळ्यासमोर उभा राहून त्यांना दुधाचं उदाहरण सांगू लागला, आणि मधेच एका नव्या मुलीने हात वर करून शंका काढली. तरीपणने आनंदाने खडू खाली ठेवला आणि तिला पुढे बोलावलं.

शेजारच्या देशाच्या सांख्यिकी कार्यालयातून ताळेबाईंना आमंत्रण आलं होतं. तिथेही विजेची विक्री घटत होती आणि तिथल्या तज्ज्ञांनाही चोरट्या डिझेलचा संशय होता. बाईंनी आमंत्रण स्वीकारलं, आणि सोबत कुणाला आणणार या रकान्यात आधी आपल्या फटकळ मैत्रिणीचा हुद्दा लिहिला, मग सासऱ्यांचा: बॉयलरतज्ज्ञ, सेवानिवृत्त. संचालकांनी सही करताना भुवया उंचावल्या, पण काही विचारलं नाही. सासऱ्यांनी मात्र त्याच दिवशी नवे बूट आणले आणि ते पायात घालून गच्चीपर्यंत चार वेळा वर-खाली करून पाहिलं.